तिर्मिसचा ओला दगड

(एकमेकांच्या आईला हातिम आणि मी खाला, म्हणजे मावशी, म्हणतो. हातिमचं अक्षर वाईट आहे. त्याची पत्रं मी वाचली तशी इथे उतरवली आहेत, शुद्धलेखन माझं. — लुत्फी)

मिनिया, ६ डिसेंबर

प्रिय हातिम,

सलाम. खाला आणि तिची तिन्ही मांजरं मजेत आहेत; आई काल तिकडे जाऊन आली. छावणीत फोन आत नेऊ देत नाहीत हे मला तू गेल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर तू निघताना सगळं नीट विचारून घेतलं असतं. तुझ्याच तुकडीतला अय्याद सुट्टीवर आला आहे, तो परत येताना हे पत्र आणेल.

तिर्मिस खात नाही.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याने एकही अळी खाल्लेली नाही. संध्याकाळी कोंड्याच्या डब्यातून जाड जाड अळ्या निवडून बशीत ठेवतो, सकाळी त्या तशाच वळवळत असतात. एकदा चिमट्याने त्याच्या नाकापुढे धरली, तर घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकापासून दुकानात आमचे उस्ता वहबा फिरवतात तसं त्याने तोंड फिरवलं. दुकानात माझं लक्ष लागत नाही. उसाच्या रसवाल्याच्या पाटीवर काल रंग ओघळला.

"लुत्फी, मन कुठे आहे तुझं?" उस्तांनी विचारलं.

"पालीच्या पोटात."

"मग तिथेच बस. पाट्या मी रंगवतो."

घरी येणारा जाणारा प्रत्येक जण पेटीपुढे उभा राहून विचारतो, हे काय आहे? मी सांगतो, बिबट्या पाल आहे, हातिमने शिकायला असताना कैरोच्या शुक्रवारच्या बाजारातून आणली, आणि खारवलेल्या तिर्मिसच्या दाण्यासारखी पिवळी म्हणून हे नाव. लोक मान हलवतात आणि दोन पावलं मागे सरतात.

आईचं तर तुला माहीतच आहे. पाल म्हणजे बोर्स, आणि बोर्सने मिठाला तोंड लावलं की खाणाऱ्याच्या अंगावर कोड उठतं. तू पेटी ठेवून गेलास त्याच संध्याकाळी तिने मिठाची बरणी शेगडीजवळून उचलून कपाटात ठेवली. कपाटाला कुलूप, किल्ली गळ्यात. दर भाजीला गळ्यातली दोरी काढते आणि माझ्याकडे बघत कुलूप उघडते. अळ्यांचा डबा पाहिल्यावर तर खालीच बसली. "आयुष्यभर मी पिठातून अळ्या चाळून काढल्या, आणि माझा पोरगा त्यांना गाजर घालून वाढवतोय."

मी म्हटलं, "आई, हा बोर्स नाही. हा भिंतीवर चढत नाही. शिवाय त्याला पापण्या आहेत."

"पापण्या? डोळे मिटतो?"

"मिटतो."

"मग थोडी तरी लाज असेल त्याला," ती म्हणाली, आणि तांदूळ निवडायला लागली.

हातिम, मांजरांच्या घरात पाल राहू शकत नाही म्हणून तू त्याला माझ्या हवाली केलंस. एकुलता एक म्हणून मला सक्तीच्या भरतीतून सूट मिळाली, तू गेलास. निघताना पेटीवर हात ठेवून उभा राहिलास. मला तो तुला जिवंत परत द्यायचा आहे. काय करू ते कळव. सविस्तर कळव.

तुझा,
लुत्फी

छावणी, १९ डिसेंबर

लुत्फी बाबा,

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं आणि अख्खी खोली हसली. कोपऱ्यातला एक सोहागचा आहे, तो आता रोज विचारतो, पाल जेवली का?

घाबरू नको. नवी जागा, त्यात थंडी, आणि वर त्याची कात टाकायची वेळ झाली असणार. दुधात बुडवून काढल्यासारखा फिका दिसायला लागला की समज. कात टाकायच्या आधी तो खात नाही. त्याची शिदोरी शेपटीत असते, शेपटी जाड आहे तोवर काही होत नाही त्याला. पेटीखालची गरम गादी चालू ठेव, पाणी बदलत जा, सारखा हातात घेऊ नको. आणि मुख्य गोष्ट, गरम बाजूला एक ओला दगड ठेव. माझ्याकडे होता तो सामान हलवताना फुटला, तू नवा शोधून घे. तो सुकू देऊ नको. त्याच्याशिवाय हा माणूस कपडे बदलत नाही. कात नीट निघाली की बघ, वाघासारखा खाईल.

आम्ही इथे एका रिकाम्या रस्त्यावर पहारा देतो. समुद्र दिसतो, पण आमच्या वाट्याला त्याचा फक्त वारा येतो. जेवायला डाळ, मग भात, मग पुन्हा डाळ. बोटं इतकी आखडतात की पेन दोन हातांनी धरावं लागतं.

खालाला सांग, तिर्मिस मीठ खात नाही, मी विचारलंय त्याला.

हातिम

मिनिया, ९ जानेवारी

प्रिय हातिम,

अय्यादच्या भावाने तुझं पत्र आणून दिलं. हे पत्र बिशायच्या हाती पाठवतो आहे. त्याच्या ट्रकच्या फळीवरची अक्षरं मी रंगवली होती, ते तुला आठवत असेल. सात तारखेचा त्यांचा नाताळ उरकून तो आज टोमॅटो घेऊन तुमच्याच रस्त्याने निघतो आहे. फाटकाशी थांबून उत्तर घेऊन येईन म्हणाला, तेव्हा कृपा करून लगेच लिही.

दगडाचं काम मी मनापासून केलं. पहिला नदीकाठचा गुळगुळीत होता, त्यावर पाणी ठरेना. मग पलीकडच्या डोंगरातून खाणीतला पांढरा आणला, तो पाणी पितो. उकळून घेतला. रुंद ब्रश कोरा काढला आणि त्याने दगड सकाळ-संध्याकाळ भिजवतो; दुपारी दुकानातून पळत येऊन पुन्हा भिजवतो. उस्ता म्हणतात, रंग न लावता ब्रश झिजवणारा तू पहिलाच.

तिर्मिस त्या दगडाकडे ढुंकून बघत नाही. एकदा त्यावरचं पाणी चाटलं, तेवढंच.

तू म्हणालास तसा तो पांढरा पडला. मग कात फाटली, पण निघाली नाही. डोक्यावर टोपीसारखी राहिली आहे, बोटांवर मोज्यांसारखी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे डोळ्यांभोवती सुकून चिकटली आहे. तो डोळे उघडत नाही. अळी पायावरून चालत गेली तरी त्याला पत्ता नाही. शेपटी तू गेलास तेव्हा गाजरासारखी होती, आता मुळ्याच्या टोकासारखी आहे, आणि तिच्यावर सुरकुत्या आहेत.

जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. बाहेर दोन म्हशी आणि एक गाढव होतं, आम्ही त्यांच्यामागे बसलो. डॉक्टरांनी डबा उघडला आणि म्हणाले, "यावर औषध नाही, चप्पल आहे." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "बस, चहा घे." चहा घेतला आणि परत आलो.

 काल आई पेटीजवळून जाताना थांबली. "आंधळा झाला का रे?" तिने विचारलं. 

आता माझे प्रश्न. दगड पांढरा चालतो की काळाच हवा? त्याने त्यावर बसायचं असतं की शेजारी? पाणी कोमट हवं का? आणि एक राग मानू नकोस. आपल्या अरबीत टिंबावरून अक्षर ओळखायचं, आणि तुझ्या पत्रात टिंबांची फार आबाळ आहे. कॉलेजातून पदवी घेतलेल्या माणसाने 'पाणी' हा शब्द तरी नीट लिहावा. ओल्या पायाचं बदक कागदावरून गेल्यासारखी तुझी टिंबं पडतात, कुठलं कोणाचं ते मला लावत बसावं लागतं. मी तिसरी प्रेपला, नववीतच, शाळा सोडली, पण पाटीवर एक टिंब चुकलं तर उस्ता अख्खी पाटी घासून काढायला लावतात.

माफ कर. भीतीने असं लिहितो आहे.

लुत्फी

छावणी, ११ जानेवारी

लुत्फी,

कसला दगड?

बिशाय फाटकाशी इंजिन चालू ठेवून थांबलाय, म्हणून थोडक्यात. मी दगड लिहिलंच नव्हतं. बीळ लिहिलं होतं. तुला मी काय सांगणार, दोन्ही शब्दांत तीच तीन अक्षरं, आणि पहिली दोन एकाच वळणाची. टिंब दुसऱ्याखाली पडलं की दगड, पहिल्याखाली पडलं की बीळ. गारठलेल्या हाताने लिहीत होतो, टिंब दोघांच्या मधे पडलं असणार. ओलं बीळ, लुत्फी. झाकणाचा डबा, त्याला त्याच्या डोक्याच्या दुप्पट भोक, आत ओलं कापड, आणि डबा गरम बाजूला. आत वाफ धरते, त्या दमट अंधारात शिरून तो कात सोडवतो. नुसत्या दगडावरचं पाणी गरम गादीने उडून जातं, त्याचा काही उपयोग नाही. तू दुपारी पळत येऊन दगड भिजवत होतास हे वाचून हसायला हवं होतं, पण नाही आलं हसू.

आता असं कर. उथळ भांड्यात कोमट पाणी घे, मनगटाला लागू नये इतकंच कोमट. पाणी त्याच्या पोटापर्यंत, वर नाही. तळाला कापड घाल, पाय घसरले की घाबरतो. थोडा वेळ बसू दे. मग कापूस भिजवून डोळ्यावर ठेव, धीर धर, आणि आतून बाहेर अशी कात गुंडाळत काढ. ओढायची नाही. निघत नसेल तर सोड, उद्या पुन्हा. बोटांची तशीच, नाहीतर कात आवळून बोटं गळतात. मग बिळात सोड आणि पेटीवर कापड टाक. त्याला दिसायला लागल्याशिवाय खाण्याचं नाव काढू नको.

शेवटच्या वर्षी बरोबरचे सगळे हॉस्टेल सोडून गेले होते, माझे दोन विषय राहिले होते. संध्याकाळी खोलीत परत आलो की मला बघून बाहेर येणारा तेवढा एकच जीव होता. हे मी खोलीतल्यांना वाचून दाखवत नाहीये.

बिशाय भोंगा वाजवतोय.

हातिम

मिनिया, १६ जानेवारी

प्रिय हातिम,

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी दुकानात शिडीवर होतो. तिथेच वाचलं. मग खाली उतरून तुझं जुनं पत्र खिशातून काढून उस्तांपुढे ठेवलं आणि विचारलं, हे काय लिहिलंय? त्यांनी चष्मा कपाळावर नेला. "दगड," म्हणाले. मग कागद तिरका केला. "नाही, बीळ." मग माझ्याकडे बघितलं. "हे लिहिणाऱ्याला विचारायचं असतं, पोरा."

तेच मी केलं नाही. ओलं बीळ कोणी ठेवतं का, असं वाटलं आणि दगड ठरवून टाकला. इतकंच नाही, तू 'नवा करून घे' असं लिहिलं होतंस. दगड कसा करून घेणार, म्हणून मी ते मनातल्या मनात दुरुस्त करून 'शोधून घे' असं वाचलं. ह्या खेपेला तुझं शुद्धलेखन बरोबर होतं.

घरी आलो. पाणी कोमट केलं, कापड घातलं, कापूस घेतला. उस्ता म्हणतात शिडीवर वारा सुटला तरी माझा हात हलत नाही. त्या संध्याकाळी मला कापूस धरता येईना.

आई दारात उभी होती. "सर बाजूला," म्हणाली.

"आई, तू?"

"तुला कोणी आंघोळ घातली? सातव्या महिन्यात आलास, याच्याएवढाच होतास. तुझीही कातडी अशीच सोलून निघत होती." तिने हाताला फडकं गुंडाळलं, बिस्मिल्ला म्हणाली आणि तिर्मिसला उचललं. पाण्याला बोट लावून बघितलं, त्यात थोडं गार घातलं, आणि त्याला हळूच पाण्यात बसवलं. तो आधी चार पायांनी धडपडला, मग तिच्या अंगठ्यावर हनुवटी टेकून गप्प राहिला.

 मी भिजवलेला कापूस हातात देत होतो, ती त्याच्या डोळ्यावर धरत होती. उजव्या डोळ्याची कात सुटली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. डाव्या डोळ्याला वेळ लागला. मधे माझं लक्ष गेलं, तिच्या हातावरचं फडकं केव्हाच पाण्यात पडलं होतं. तो तिच्या उघड्या तळहातावर बसला होता.

"आई, फडकं."

"कुठलं फडकं? कापूस दे."

मग त्याने डोळा उघडला. आधी एक, मग दुसरा. आईकडे बघितलं, पापण्या मिटल्या, पुन्हा उघडल्या.

"त्याला पापण्या आहेत," मी म्हटलं.

"माहीत आहे मला," आई म्हणाली.

बिळासाठी हलव्याचा रिकामा डबा घेतला, बाजूला भोक पाडलं, त्याची कड लागू नये म्हणून काचकागदाने घासली. आत घालायला मी दुकानातलं मऊ कापड आणलं होतं, पण आईने ते हुंगून बाहेर फेकलं, टर्पेंटाइनचा वास होता. तिने आपलं चीज गाळायचं पांढरं फडकं फाडून दिलं. डबा पेटीत ठेवला. तिर्मिसने भोकातून डोकं घातलं, बराच वेळ तसाच राहिला, शेपटी बाहेर. मग शेपटीही आत गेली.

सकाळी बोटांवरचे मोजे नव्हते. कुठे सापडलेही नाहीत. आई म्हणाली, "खाल्ले असतील," आणि तोंड वाकडं केलं. म्हणजे पोटात काहीतरी गेलं. अळी मात्र अजून घेत नाही. दिसते त्याला, मान वळवून तिच्याकडे बघतो, पण घेत नाही. वरच्या ओठावर कातीचा एक तुकडा राहिला आहे, त्याला हात लावू देत नाही. मी ओढलेला नाही. वाट बघतो आहे.

लुत्फी

छावणी, २४ जानेवारी

लुत्फी,

बघ, या पत्रातलं प्रत्येक टिंब मसुराच्या दाण्याएवढं काढलंय आणि ज्याचं त्याच्या पायाशी ठेवलंय. शंका आली तर पट्टी लावून मोज. सोहागवाला म्हणतो, हे पत्र नाही, डाळ सांडलीय.

ओठाच्या तुकड्याला काही करू नको. तो तुकडा गेला की खाईल. दगड आता पेटीतून काढून टाक, उगाच जागा अडवतो. खालाच्या हाताला माझ्याकडून सलाम. तिच्या हातात तो गप्प बसला हे मी खोलीत वाचून दाखवलं, आणि या वेळी कोणी हसलं नाही.

मला सुट्टी इतक्यात नाही. ईदला बघू. तोवर तो तुमच्याकडेच.

बरं, आणि पाल जेवली का, ते कळव. सगळे विचारतात.

हातिम

मिनिया, २ फेब्रुवारी

प्रिय हातिम,

तुझी टिंबं तपासली. 'पेटी'तलं एक थोडं डावीकडे सरकलं आहे, बाकी सगळी जागच्या जागी आहेत. सोहागच्या मित्राला सांग, पाल जेवली.

ते असं झालं. संध्याकाळी आई आणि मी पेटीशी बसलो होतो. तिच्या हातात कापूस होता, त्या ओठावरच्या तुकड्यासाठी. तेवढ्यात तिर्मिस बिळातून बाहेर आला. आमच्याकडे बघितलं नाही. सरळ त्या पांढऱ्या दगडापाशी गेला, त्याच्या खरखरीत कडेला नाक टेकलं आणि घासलं, एकदा ह्या बाजूने, एकदा त्या. तुकडा सुटला. तो त्याने खाल्ला. मग बशीपाशी आला, एक अळी जाड वाटली असावी, शेपटीचं टोक हलवलं आणि तिच्यावर झडप घातली. नंतर दुसरी. तिसरी आईने चिमट्याने दिली. पहिल्यांदा तिचा हात मागे आला, त्याने वाट बघितली, तिने पुन्हा पुढे केला.

म्हणून दगड काढलेला नाही. बिळाच्या तोंडाशीच ठेवला आहे. उस्ता काल जेवायला आले होते, त्यांनी वाकून पेटीत बघितलं. "शेवटी काय होतं ते? दगड की बीळ?" मी म्हटलं, दोन्ही लागलं. "मग टिंब मधेच बरोबर होतं," म्हणाले, आणि स्वतःच हसले. पाटीवर मात्र असं चालणार नाही, हेही त्यांनी लगेच बजावलं.

शेपटी अजून गाजरासारखी झालेली नाही, पण मुळ्यासारखीही राहिली नाही. ईदपर्यंत होईल. दुपारी मी आता दुकानातून पळत येत नाही, फडकं आईच भिजवते. अळ्यांना गाजर किसून घालते, आणि मी बघितलं की म्हणते, वाया जाणारंच होतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. काल उस्तांसाठी मुलुखियाची पातळ भाजी केली होती. आईने चव घेतली, मीठ कमी वाटलं, आणि तिचा हात सवयीने गळ्यातल्या किल्लीकडे गेला नाही. मी बघितलं. मिठाची बरणी शेगडीजवळ होती, जुन्या जागी, झाकण उघडं.

तुझा,
लुत्फी